भिंत आपली, सावली कोणाची?

गेल्या महिन्यांत माझ्या चिरंजीवांनीं एक नकाशा माझ्या मेजावर आणून ठेविला आणि सहीची जागा बोटानें दाखविली. घर माझ्या नांवावर. तेव्हां महापालिकेकडे जाणाऱ्या अर्जावर सही माझीच हवी. काम म्हटलें तर लहानसें. पुण्यांतील आमच्या जुन्या बंगल्याच्या उत्तर बाजूस एक खोली आहे. तिच्यावर दुसरी खोली चढवावयाची. मुलाचें नुकतेंच लग्न झालें आहे. सूनबाईंना आठवड्यांतून तीन दिवस घरीं बसूनच कचेरीचें काम करावें लागतें आणि तेवढ्यासाठीं निवांत अशी एक जागा घरांत नाहीं. गरज खरी होती, चैनीची नव्हती. वास्तुविशारदानें नियम तपासले होते. चटईक्षेत्र शिल्लक होतें. सोडावयाचीं अंतरें नकाशांत सोडलेलीं होतीं. "सगळें नियमांत बसतें, बाबा," चिरंजीव म्हणाले. मीं लेखणी उचलली आणि पुन्हां खालीं ठेविली. ती कां ठेविली, याचा उलगडा स्वतःशींच करतां करतां जे विचार सुचले, ते येथें मांडीत आहें.

आपल्या जागेंत, आपल्या पैशानें, आपल्या माणसांसाठीं एक खोली वाढवावयास दुसऱ्या कोणाची परवानगी कां लागावी, हा प्रश्न घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत केव्हां ना केव्हां येतोच. तो केवळ त्रासलेल्या मनाचा प्रश्न नाहीं. त्याच्या मागें एक जुनें तत्त्वज्ञान उभें आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडचा विधिपंडित ब्लॅकस्टोन यानें मालमत्तेचें वर्णन, इतर सर्वांना वगळून एकाच माणसानें वस्तूवर चालविलेली सत्ता, अशा अर्थाच्या शब्दांत केलें. लॅटिन भाषेंतील एक जुनें न्यायवचन तर असें सांगतें कीं, ज्याची जमीन त्याचेंच वरचें आकाश. पण त्याच भाषेंत दुसरेंही एक न्यायवचन आहे: आपल्या वस्तूचा उपयोग असा करावा कीं, त्यानें दुसऱ्यास इजा पोंचूं नये. घराला खोली जोडूं पाहणारा मनुष्य या दोन वचनांच्या मध्यें उभा असतो. बांधकामाच्या परवानगीचा सारा पसारा म्हणजे या दोहोंमध्यें समेट घडवून आणण्याची खटपट होय.

हा समेट अवघड होण्याचें कारण अगदीं साधें आहे. भिंत आपल्या हद्दींत राहते. तिची सावली राहत नाहीं. आमच्या जुन्या वाड्यांतून पागोळ्यांवरून भांडणें होत, तीं याचमुळें. छप्पर माझें, पण त्याचें पाणी तुझ्या अंगणांत पडतें. वास्तु ही अशी एक वस्तु आहे कीं, तिचा मालक एक असला तरी तिच्या आसपास राहणें पुष्कळांच्या वांट्यास येतें. मीं विकत घेतलेलें पुस्तक मीं वाचलें काय आणि पेटींत बंद करून ठेविलें काय, शेजाऱ्याचें कांहीं जात नाहीं. खिडकीपुढें उभ्या राहिलेल्या भिंतीविषयीं मात्र असें म्हणतां येत नाहीं.

हें सत्य आपल्या प्रांताला फार महाग पडून कळलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां दाट वस्तीच्या चाळींतून उजेडाचा किरण न शिरणाऱ्या खोल्या किती आहेत, हें सरकारच्या डोळ्यांपुढें आलें. १८९८ मध्यें मुंबईच्या सुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे पुढील काळांतील अध्यक्ष ऑर यांनीं मुंबईंतील घरांच्या उजेडाचा व हवेचा प्रश्न हिरिरीनें मांडला, आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्धीस आला. त्याचा भावार्थ असा कीं, समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा खिडकीपुढें असावी. म्हणजे आभाळाचा एक तुकडा तरी खोलींतून दिसेल. घराच्या बाजूस जें सामासिक अंतर सोडावें लागतें, त्याच्या मुळाशीं कोणा कारकुनाची लहर नसून माणसांच्या फुप्फुसांची ही चिंता आहे. आपण तें अंतर "फुकट गेलेली जागा" म्हणून मोजतों, ही आपल्या विस्मरणशक्तीची करामत होय.

येथें कोणी म्हणेल कीं, शेजाऱ्याला उजेड हवा असेल तर त्यानें न्यायालयांत जावें. त्यासाठीं शेंकडों कलमांची नियमावली कशाला? न्यायालयाची वाट आहे खरी. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणें एखाद्या इमारतीला वीस वर्षें अखंडपणें, निर्वेधपणें उजेड मिळत आला असेल, तर तो तिचा हक्क ठरतो. पण हा हक्क इमारतीच्या उजेडाचा आहे, अंगणांतल्या उन्हाचा नव्हे. शिवाय नुकसान भरीव असल्याचें सिद्ध करावें लागतें. आणि सर्वांत मोठी अडचण कायद्याची नाहींच. ती शेजाराची आहे. ज्याच्या घरून सणावाराला ताट येतें, ज्याच्या मुलाला आपण अंगाखांद्यावर खेळविलें, त्याच्यावर उन्हाच्या तुकड्यासाठीं फिर्याद कोण करील?

परवानगीच्या नियमाचें मर्म मला येथें सांपडतें. आपण समजतों कीं, नियम हा बांधणाऱ्याला "नाहीं" म्हणण्यासाठीं आहे. मला वाटतें, तो शेजाऱ्याला "नाहीं" म्हणावें लागूं नये यासाठीं आहे. समोरासमोर नकार देण्याचें जें अवघड ओझें, तें नियमानें शेजाऱ्याच्या खांद्यावरून काढून एका निर्विकार कागदावर ठेविलें. कागदाला भीड नसते; पुढें त्याच्या घरीं लग्नकार्य निघत नाहीं. भिडेच्या लोकांना भिडेपासून सोडविणें, हें नियमाचें लहानसहान काम नव्हे.

हें मी मोठ्या शहाणपणानें लिहीत आहें खरें, पण हें शहाणपण मला उशिरा सुचलें, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी भरली. ज्या खोलीवर नवी खोली चढवावयाची, ती खोली मींच २००६ सालीं बांधली. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. तिची निजावयाची खोली वर होती आणि जिना चढणें तिला अशक्य झालें होतें. अर्ज, नकाशा, हेलपाटे, यांत किती महिने जातील याचा नेम नव्हता. मीं गवंडी बोलाविला आणि दीड महिन्यांत खोली उभी केली. परवानगी नव्हती, आणि आमच्या बाजूच्या पांच फुटांच्या सामासिक अंतरांत ती दोन फूट शिरली होती. पायाचा चर खणण्यापूर्वीं मी शेजारच्या काकूंकडे मात्र गेलों होतों. त्या म्हणाल्या, "बांध रे बाबा. आईसाठीं बांधतोस, मी काय नाहीं म्हणणार?" मी समाधानानें परतलों. महापालिकेला नाहीं, पण ज्यांना विचारावयाचें त्यांना विचारलें आहे, असें मीं स्वतःला बजाविलें. कायदा मोडला तरी नीति सांभाळली, असा एक सूक्ष्म अभिमानही मला त्या वेळीं वाटला असावा.

आई त्या खोलींत चार वर्षें राहिली आणि तेथेंच गेली. त्यानंतर तेथें माझीं पुस्तकें आलीं. पुढें एका डिसेंबरांत सकाळीं कांहीं निमित्तानें मी काकूंकडे निघालों, तों त्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या दिसल्या. गुडघ्यांना तेल चोळणें चाललें होतें. शेजारीं ताटांत आंवळ्याच्या फोडी वाळत होत्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींची धूळ त्यांच्यावर बसत होती. "येथें कां बसलांत, काकू?" मीं विचारलें. "येथें ऊन चांगलें येतें," एवढेंच त्या म्हणाल्या. माझ्या लहानपणापासून थंडीच्या दिवसांत त्या घराच्या बाजूच्या अंगणांत बसत. तें अंगण आमच्या उत्तरेला आहे. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि आमची खोली त्यांच्या दक्षिणेला उभी आहे.

भूगोलाच्या एका सहकाऱ्याला बसवून मीं नंतर हिशेब करविला. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यांत भर दुपारींही सूर्य क्षितिजापासून सुमारें ४८ अंशच वर असतो. दहा फूट उंच भिंतीची सावली त्या वेळीं नऊ फूट पडते. आमची भिंत आणि काकूंची भिंत यांच्यामध्यें आठ फूट जागा आहे. म्हणजे त्यांचें तें अंगण ऐन थंडींत दिवसाच्या सर्वांत उबदार घटकेलाही पूर्णपणें सावलींत असतें. भूमितीला भीड नसते, हें मला त्या दिवशीं कळलें.

तेव्हां काकूंनीं मला दिलेली ती संमति होती काय? ज्या प्रश्नाला एकच उत्तर देतां येतें, त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे संमति नव्हे. "मी काय नाहीं म्हणणार?" या वाक्यांत होकारापेक्षां असहायताच अधिक होती, मीं तिचा सोयीस्कर अर्थ केला. आजारी आईचें नांव सांगून दारांत उभ्या राहिलेल्या मुलाला नकार देणें सभ्य स्त्रीला शक्य नव्हतें. जें ओझें नियमानें त्यांच्या खांद्यावरून उतरविलें होतें, तें मीं नियमाला बाजूला सारून पुन्हां त्यांच्या खांद्यावर ठेविलें, आणि वर त्यालाच शेजारधर्म म्हटलें.

मौनाला संमति समजण्याची ही रीत माझी एकट्याची नाहीं. आपल्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमांत अशी तरतूद आहे कीं, अर्जावर साठ दिवसांत उत्तर आलें नाहीं आणि बांधकाम नियमांना धरून असलें, तर परवानगी मिळाली असें मानावें. ती कचेरीच्या दिरंगाईवरची तोड आहे आणि वाजवी आहे. कारण मौन येथें सत्तेचें आहे, दुबळ्याचें नाहीं. इंग्लंडमध्यें याच्या पुढचें पाऊल टाकलेलें दिसतें. त्या देशानें १९४७ च्या कायद्यानें जमिनीवर नवें बांधण्याचा हक्कच परवानगीच्या अधीन केला, आणि मग लहान वाढींना पुन्हां मोकळीक दिली. घराच्या मागें एकमजली वाढ करावयाची असेल तर स्वतंत्र घराला चार मीटर व लागून असलेल्या घराला तीन मीटर, एवढ्यापुरता वेगळा अर्ज करावा लागत नाहीं. २०१३ पासून हीं अंतरें दुप्पट करण्याची सवलत मिळाली आणि २०१९ मध्यें ती कायम झाली. पण एका अटीवर. नगरपालिकेनें लागून असलेल्या शेजाऱ्यांना कळवावयाचें आणि हरकत घेण्यास निदान एकवीस दिवस द्यावयाचे. कोणी हरकत घेतली नाहीं, तर शेजाऱ्यांच्या सुखसोयीचा मुद्दा तेथेंच संपला.

या व्यवस्थेंत एक मोठा गुण आहे: ती शेजाऱ्याला विचारते, आणि विचारणारा बांधणारा नसून नगरपालिका असते. आपल्याकडे शेजाऱ्याची संमति ही परवानगीची सर्वसाधारण अट नाहीं. पण तिच्यांतला दोषही डोळ्यांआड करतां येत नाहीं. हरकत कोणाची हें शेवटीं बांधणाऱ्याला कळतेंच. तेव्हां जो भांडखोर त्याचें ऊन शाबूत राहतें, आणि जो भिडस्त त्याचें जातें. काकूंनीं एकवीस दिवसच काय, एकवीस वर्षें मिळालीं असतीं तरी हरकत घेतली नसती. म्हणून नियमाची किमान रेषा ही संमतीवर सोडून चालत नाहीं. ज्यांना बोलतां येत नाहीं अशांचें ऊन त्या रेषेनेंच राखावें लागतें. आणि यांत आज बोलणारे पण उद्यां त्या घरांत राहावयास येणारे, ज्यांना विचारणेंच शक्य नाहीं, तेही आले.

नियमाच्या बाजूनें एवढें बोलल्यावर त्याचीं पापेंही सांगितलीं पाहिजेत. परवानगीची वाट लांब असते, तिच्यावर दलाल बसलेले असतात, आणि ज्याला वेळ व पैसा आहे तो ती चालून जातो. दहा बाय बाराच्या खोलींत सहा माणसांचा संसार करणारा मनुष्य पुढची गॅलरी पत्र्यानें बंद करतो, तेव्हां त्याला आणि नफ्यासाठीं दोन मजले चोरून चढविणाऱ्याला एकाच शब्दानें गुन्हेगार म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. २०२० च्या डिसेंबरांत राज्याच्या बहुतेक भागाला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि लहान भूखंडांवरील घरांची वाट पुष्कळ सोपी करण्यांत आली, हें चांगलें झालें. मात्र गरज हा शब्द जपून वापरावयास हवा. तो गरिबाच्या तोंडीं जितका खरा, तितकाच माझ्यासारख्याच्या तोंडीं सोयीचा असतो. आईसाठीं घाई होती हें खरें. पण खोली बांधून झाल्यावर मला अर्ज करण्यास कोणी अडविलें होतें? ती घाई संपल्यावरही बेकायदेशीरपणा तसाच राहिला, कारण तोंवर त्याची संवय झाली होती.

आणि मग शासन मदतीला येतें. २००१ च्या कायद्यानें गुंठेवारींतील भूखंड व घरें नियमित करण्याची सोय झाली. तिची कालमर्यादा त्या वर्षाच्या १ जानेवारीची होती. २०२१ मध्यें ती वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. २०१७ मध्यें नगररचना अधिनियमांतच नवें कलम घालून, २०१५ च्या अखेरपर्यंतचीं अनधिकृत बांधकामें कांहीं अटींवर शुल्क घेऊन नियमित करण्याची तरतूद झाली. लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचें छप्पर एका फटक्यानें पाडतां येत नाहीं, हें कोणीही मान्य करील. माझी खोलीही अशाच रीतीनें शुल्क भरून नियमित झाली. पावती मिळाली त्या दिवशीं मला हलकें वाटलें. पण ती पावती मीं पुन्हां वाचली, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. पैसे मीं महापालिकेला दिले. ऊन काकूंचें गेलें होतें. अपराध एकाचा, नुकसान दुसऱ्याचें आणि भरपाई तिसऱ्याला, असा हा व्यवहार. शुल्क भरून माझें आणि शासनाचें खातें मिटलें; माझें आणि काकूंचें खातें उघडलेंच नव्हतें, तें मिटणार कसें? नियमित होणें आणि निर्दोष होणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें एका कागदाच्या चिटोऱ्यानें मला शिकविलें.

आतां नव्या खोलीकडे येतों. ती नियमांत बसते. वरची भिंत दोन फूट आंत घेतली आहे. पण उंची वीस फूट होते. सहकाऱ्याच्या हिशेबानें हिवाळ्यांत भर दुपारीं तिची सावली काकूंच्या भिंतीवर जवळ जवळ नऊ फुटांपर्यंत चढेल. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या भिंतींत आहे. पहिल्या खोलीनें अंगण घेतलें. दुसरी खिडकी घेईल, आणि या वेळीं कायदा माझ्या बाजूला असेल.

हें मीं चिरंजीवांना सांगितलें, तेव्हां ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही आजीसाठीं परवानगीशिवाय बांधलेंत. मी परवानगी काढून बांधतों, तर मला अडवतां?" या वाक्याला माझ्यापाशीं आयतें उत्तर नव्हतें. बापानें चुकावें आणि मुलानें त्याची किंमत द्यावी, हा न्याय कसा? मीं एवढेंच म्हटलें कीं, मीं केलें तें बरोबर होतें म्हणून तुला अडवीत नाहीं. तें चुकलें म्हणूनच अडवितों. सूनबाई तेथेंच होत्या. त्यांनीं विचारलें, "मग काकूंनाच विचारूं या ना?" सूचना सरळ मनाची होती, आणि तीच मला सर्वांत धोक्याची वाटली. काकू आतां ऐंशीच्या पुढें आहेत. त्या काय म्हणतील हें मला अक्षरशः ठाऊक आहे. ज्या उत्तराची आधींच खात्री आहे, तें मिळविण्यासाठीं विचारणें म्हणजे विचारणें नव्हे; ती वसुली झाली. कांहीं प्रसंगीं विचारणें हें सौजन्य असतें. कांहीं प्रसंगीं न विचारतां हात आवरणें हेंच सौजन्य असतें.

परवानगी आपल्याला काय देते, याचा निवाडा माझ्यापुरता असा झाला आहे. ती आपल्याला अडविणारे हात बाजूला करते. बांधावें कीं नाहीं हें ती सांगत नाहीं. नियमाची रेषा सर्व शेजाऱ्यांसाठीं सरासरीनें आंखलेली असते. माझा शेजारी मात्र सरासरी नसतो. त्याचे गुडघे, त्याची खिडकी, त्याची बसावयाची जागा, हें नकाशांत कोठेंच येत नाहीं. तें आपल्यालाच पाहावें लागतें, आणि पाहण्याचें काम अर्जाबरोबर कोणत्याही खिडकीवर देऊन टाकतां येत नाहीं.

वास्तुविशारदानें नवा नकाशा केला आहे. खोली आतां पश्चिमेला, दिवाणखान्यावर येईल. सावली आमच्याच अंगणांत आणि रस्त्यावर पडेल. मधली तुळई बदलावी लागणार असल्यामुळें खर्च बराच वाढतो. तो वाढीव खर्च मी माझ्या भविष्यनिर्वाह निधींतून देणार आहें. चूक माझी, म्हणून तो भार मुलावर पडूं नये. काल त्या अर्जावर मीं सही केली.

खालची खोली मात्र आहे तेथेंच आहे. ती पाडावी असें मनांत येतें. मग आई तेथें गेली हें आठवतें, तेथें रचलेलीं पुस्तकें आठवतात, आणि शुल्काची पावती तर आहेच. एकाही कारणानें मनाचें समाधान होत नाहीं, आणि पहार मी अजून हातीं घेतलेली नाहीं. येत्या डिसेंबरांत काकू पुन्हां फाटकाबाहेर खुर्ची टाकतील. आमचें अंगण दक्षिणेला आहे आणि तेथें दिवसभर ऊन असतें; त्यांनीं तेथें येऊन बसावें असें सांगावयास सूनबाई गेल्या होत्या. काकू म्हणाल्या, "येईन हो." येतील कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. दुसऱ्याच्या अंगणांतलें ऊन आणि स्वतःच्या अंगणांतलें ऊन, यांची ऊब सारखीच असते असें मला छातीठोकपणें म्हणवत नाहीं.